पहिला पसंतीक्रम

नाल्यालगतच्या माझ्या मैत्रिणीच्या चाळीत दारादारांवर लाल रंगाचे आकडे आले, तेव्हा आमची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. तिच्या दारावर सतरा. रस्ता रुंद होणार, चाळ जाणार आणि तिथल्या लोकांना लांब, चेंबूरच्या पलीकडे माहुलला खोल्या मिळणार, एवढं कळलं होतं. कधी, ते कुणी सांगत नव्हतं. तिच्या आईने आकडा झाकायला वर तोरण लावलं, पण ते आखूड पडलं. आकडा खालून दिसतच राहिला.

ती आणि मी बालवर्गापासून मुलुंडच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर. माझे आईबाबा दोघेही ऑफिसला जाणारे, त्यामुळे शाळा सुटली की मी तिच्याकडेच. तिच्या आईच्या हातची कुळथाची पिठी आणि भात खाऊन मी वाढले. इतक्या वर्षांत आमचं अक्षरसुद्धा सारखं झालं होतं; वह्या तपासताना बाई आधी वर नाव बघायच्या. आमच्यातली एकटी कुणी दिसली की शिपाईकाकांपासून कोपऱ्यावरच्या वडापाववाल्यापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असायचा, "दुसरी कुठे?" आम्हीही गंमत म्हणून एकमेकींना तेच विचारायचो.

खरं सांगते, शेवटच्या वर्षी मला त्या प्रश्नाचा राग यायला लागला होता. वक्तृत्व स्पर्धेत मी एकटीने बक्षीस मिळवलं, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शाब्बास, दोघींचं अभिनंदन!" मी आतून भडकले. ती मात्र सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती, त्यामुळे राग कुणावर काढायचा तेही कळेना.

निकाल लागला. मार्कही जवळपास सारखेच. अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायला ती आमच्याकडे आली, कारण कॉम्प्युटर माझ्याकडे होता. दोन्ही अर्ज मीच भरत होते, ती शेजारी स्टुलावर बसली होती.

"माझं चेंबूरचं पहिलं टाक ना," ती म्हणाली. "माहुलहून तेच बरं पडेल."

"चेंबूर? वेडी आहेस का? आपलं मुलुंडचं ठरलंय ना?"

"अगं, पण तिकडून रोज आधी बस, मग ट्रेन. वाट लागेल यार."

"मी आहे ना. उशीर झाला की आमच्याकडे राहायचं."

हे मी आईला विचारलंही नव्हतं. तिने स्टूल स्क्रीनजवळ ओढलं. मग म्हणाली, "आणि पहिलं लागलं, पण नाही जमलं तर?"

"पहिल्या पसंतीचं लागलं की घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर."

"तू पण तेच टाकतेयस ना?"

"हे काय, तुझ्या डोळ्यांदेखत टाकतेय."

टाकलंही. दोन्ही अर्ज लॉक केले आणि ती हसत घरी गेली.

मुदत दुसऱ्या दिवसापर्यंत होती; तोवर लॉक काढून अर्ज बदलता येत होता. संध्याकाळी बाबा सहज म्हणाले, "तुझं तू नीट ठरवलंयस ना?" आणि पेपर वाचायला लागले. नंतर मी सगळ्यांना सांगत आले की, बाबांनी मला कॉलेज बदलायला लावलं. बाबांनी काहीही केलं नव्हतं. मला असं एक कॉलेज हवं होतं जिथे 'दुसरी' कुणालाच माहीत नसेल. मी माझा अर्ज उघडला, अंधेरीचं कॉलेज पहिलं टाकलं आणि पुन्हा लॉक केला.

तिचा पासवर्ड माझ्याच वहीत होता, तिने लिहिलेला, आणि तरी माझ्याच अक्षरात लिहिल्यासारखा. तिचं चेंबूर वर आणायला दोन मिनिटं पुरली असती. पण मग तिला कारण सांगावं लागलं असतं. मी वही मिटली.

पुढचे दिवस मी रोज तिच्याकडे जात होते, आज सांगू म्हणून. चाळ पलीकडच्या टोकाकडून रिकामी होत होती. आज तीन खोल्या, परवा आणखी दोन. रिकाम्या खोल्यांची दारंखिडक्या काढून नेलेल्या, आत भिंतीवर देवाच्या फोटोची चौकोनी जागा तेवढी स्वच्छ. सतरा नंबर जवळ येत चालला होता. तिची आई भांडी पोत्यात भरता भरता मला म्हणाली, "तू आसस म्हणान माका घोर नाय गो." मी पोत्याचं तोंड धरून उभी राहिले.

यादी लागली त्या सकाळी तिचा फोन आला. "लागलं! पहिलंच लागलं! तुझं?"

"माझंही पहिलंच."

ती किंचाळली. मागे तिची आई देवाला हाका मारताना ऐकू आली. मला फोन ठेवून द्यावासा वाटला. प्रवेश घ्यायला बरोबर जाऊ म्हणाली, तर मी सांगितलं की बाबांबरोबर जाऊन आलेसुद्धा. तिने विश्वास ठेवला. माझ्यावर विश्वास न ठेवायची तिला सवयच नव्हती. त्याच आठवड्यात त्यांचा टेम्पो माहुलला गेला.

दोन्ही कॉलेजं एकाच दिवशी सुरू झाली. मी घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला पोचले. वर्गात शेजारच्या मुलीने नाव विचारलं, मी सांगितलं. तिने पुढे काहीच विचारलं नाही. मला हेच हवं होतं, आणि त्या क्षणी मला रडू येईल की काय असं वाटलं.

तेवढ्यात फोन थरथरला. तिने मुलुंडच्या कॉलेजच्या गेटचा फोटो पाठवला होता. नवीन ड्रेस, घामेजलेला चेहरा, पहाटे निघाली असणार. खाली लिहिलं होतं, "पोचले एकदाची. दुसरी कुठे?"

मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. सर हजेरी घ्यायला लागले. माझं नाव आलं तेव्हा मी फोन पालथा ठेवला आणि हात वर केला.