मोहोड सरांच्या दवाखान्यातली थंडी

जनावरांच्या दवाखान्यात कितीही झाडलं तरी कोपऱ्याकोपऱ्यात केस साठतातच. किश्शांचंही तसंच! धरमपेठेत मोहोड सरांचा दवाखाना होता. शिक्षण संपल्या संपल्या मी तिथं त्यांच्या हाताखाली डॉक्टर म्हणून लागले. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. पण नागपुरात थंडी पडली, ट्रंकांमधले स्वेटर बाहेर आले, की मला हमखास तो दवाखाना आठवतो. कारण नाताळ ते संक्रांत म्हणजे माणसांच्या सुट्ट्या आणि आमचा सीझन!

* * *

नाताळच्या दिवशी नंदनवनचे एक काका-काकू ऑटोतून आपला लॅब्राडोर घेऊन आले.

"यानं केक खाल्ला जी डॉक्टर! चॉकलेटचा!"

"किती खाल्ला?"

"आम्हाले कापायलेही नाही ठेवला!"

चॉकलेट कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. सरांनी ताबडतोब इंजेक्शन देऊन त्याला उलटी करवली. केकसोबत एक मेणबत्तीही बाहेर पडली. सातचा आकडा! काकांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता.

काकू रडवेल्या झाल्या. "पाच अजून आतच आहे जी!"

"येईल तोही, आपल्या वाटेनं," सर म्हणाले.

काकांनी लॅब्राडोरच्या डोक्यावरून हात फिरवला. "राहू दे गा तुझ्यापाशी. मी सात वर्षांचाच बरा!"

* * *

थंडीत मांजरं गाडीच्या इंजिनपाशी ऊब घ्यायला शिरतात. म्हणून सरांचा सगळ्यांना हुकूम होता, सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थापा मारायच्या. गल्लीतल्या एका प्राध्यापकांनी तशा मारल्या आणि आतून खरंच एक पिल्लू निघालं! तेव्हापासून ते दिसेल त्या गाडीवर थापा मारायचे. एकदा स्टेशनला जायला टॅक्सी बोलावली, तर तिच्याही बॉनेटवर थाप!

ड्रायव्हर घाबरून खाली उतरला. "साहेब, मीच आहो. आत दुसरं कोणी नाही!"

* * *

सुट्टीत बाहेरगावी जाणारे लोक कुत्र्यांना आमच्याकडे ठेवून जायचे. एक कुटुंब चिंटू नावाचा पॉमेरेनियन ठेवून गोव्याला गेलं. चिंटूनं जेवण सोडलं. दूध नाही, चिकन नाही, काही नाही. दाराकडे तोंड करून बसलेला. मला तर धडकी भरली. लोकांचं लेकरू आपल्या हवाली, आणि हे असं!

शेवटी सरांनी चिंटूच्या मालकांना फोन लावून स्पीकरवर टाकला. तिकडून आवाज आला, "चिंट्या, जेव ना गा बाबू!" चिंटूनं कान टवकारले, फोन चाटला आणि वाटी साफ केली.

मग रोज दोन्ही वेळेला फोन. इकडे चिंटूचं जेवण, तिकडे समुद्राच्या लाटा आणि त्यावरून ओरडणं, "जेवून राहिला का तो?"

ते कुटुंब ठरल्यापेक्षा लवकरच परत आलं. मी म्हटलं, "अहो, सुट्टी बाकी होती ना?"

मालक चिंटूला कडेवर घेत म्हणाले, "समुद्र काय, तिथंच राहते मॅडम!"

* * *

एकतीस डिसेंबरच्या फटाक्यांना घाबरून कुत्री पळून जातात. म्हणून डिसेंबर लागला की सर येईल त्या कुत्र्याच्या पट्ट्यावर मार्करनं दवाखान्याचा फोन नंबर लिहायचे. लोक हसायचे.

एका वर्षी एक जानेवारीला सकाळीच फोन वाजला. "हॅलो, मी कन्हानहून बोलून राहिलो. ट्रक ड्रायव्हर. तुमचा कुत्रा माझ्या ट्रकमंधी निघाला!"

कुत्रा नंदनवनच्याच दुसऱ्या एका घरातला, रॉकी. उभ्या ट्रकमध्ये शिरून ताडपत्रीखाली लपला होता. घरच्यांनी रडून रडून डोळे सुजवले होते. सर त्यांना गाडीत घालून कन्हानला गेले. मीही गेले. भेट अशी झाली की ड्रायव्हरनंसुद्धा डोळे पुसले.

रॉकीच्या मालकानं विचारलं, "दादा, तुम्हाले काय देऊ?"

"काही नको. फक्त कुठं जेवायले भेटते ते सांगा. माझा डबा यानंच खाल्ला!"

* * *

आणि रामटेकेबाई. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. सरही एकटेच होते. त्यांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाईंचा मोती फटाक्यांनी थरथर कापायचा. त्यांच्या घरामागेच लग्नाचा हॉल होता. म्हणून दर एकतीस डिसेंबरला, संध्याकाळ व्हायच्या आत, त्या मोतीला आमच्याकडे आणायच्या. सर आतल्या खोलीत सतरंजी टाकायचे, मोतीला मांडीवर घ्यायचे आणि दोन्ही हातांनी त्याचे कान झाकून बसायचे. समोर बाई. दोघांच्या गप्पा चालायच्या.

एका वर्षी मोतीला तपासताना मी त्याच्यामागे टाळी वाजवली. तो वळलाच नाही. पुन्हा वाजवली. काही नाही.

मी सरांना बाजूला घेतलं. "सर, मोतीला आता ऐकू येत नाही."

"माहीत आहे वं मले. दोन वर्षं झाली."

"मग बाईंना सांगायला हवं ना?"

"त्यांनीच तर मले सांगितलं," सर म्हणाले आणि सतरंजी टाकायला गेले.

पुढच्या पावसाळ्यात मोती गेला. म्हातारा झाला होता, झोपेतच गेला.

त्या वर्षीचा एकतीस डिसेंबर आला. दवाखान्यात सर आणि मी, दुसरं कोणी नव्हतं. दिवस मावळायच्या सुमाराला फाटक वाजलं. रामटेकेबाई होत्या. हातात पट्टा नाही, काही नाही. शाल नीट करत म्हणाल्या, "यंदा फटाके फार वाजतील म्हणतात."

सर उठले आणि त्यांनी आतल्या खोलीत सतरंजी टाकली.