प्लॅस्टर गार होईपर्यंत

आमचा धाकटा माणसाचा चेहरा बघतच नाही, तोंड बघतो. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं, त्यानं हात केला, तरी हा विचारात पडलेला. तो माणूस हसला की मग लगेच, "अरे, तुम्ही होय! डावा सुळा जरा तिरका बसवला होता, आठवलं!" चाळिशी उलटली, लग्न केलं नाही, पण अर्ध्या गावाच्या तोंडात त्याच्या हातचे दात आहेत. कवळ्या करतो तो. मी त्याची थोरली बहीण. लॅबचं काउंटर, लॅबचा फोन आणि धाकट्याचं डोकं, तिन्ही सांभाळायचं काम माझ्याकडे. पगार पहिल्या दोन कामांचा मिळतो.

वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, खाली आमच्या दोन खोल्या. बाई पेशंटच्या तोंडात गुलाबी लगद्याचा ट्रे दाबून माप घेतात आणि ओल्या फडक्यात गुंडाळून जिन्यावरून खाली पाठवतात. ओल्या फडक्यात अशासाठी, की तो लगदा सुकला की आक्रसतो. खाली आला की ताबडतोब त्यात प्लॅस्टर ओतायचं. प्लॅस्टर घट्ट होताना आधी गरम होतं, चांगलं हाताला लागेल इतकं, आणि मग सावकाश गार पडतं. गार झालं की सोडवायचं, की माणसाची हिरडी जशीच्या तशी हातात. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास जातो. वीस वर्षं धाकट्यानं तो अर्धा तास खिडकीत उभं राहून शेंगदाणे खाण्यात काढला. त्याला त्यातच समाधानी राहू द्यायला हवं होतं.

पण एक दिवस खोटे दात पुरवणारा एजंट आला आणि त्यानं मोबाइलवर पैसे लावायचा खेळ दाखवला. कुठल्या तरी दोन खेळाडूंचं टेबल टेनिस, ज्यांची नावंसुद्धा आम्हाला उच्चारता येईनात. पुढचा पॉइंट कुणाचा, एवढंच सांगायचं. धाकट्यानं सांगितलं आणि बरोबर आलं. मग परत बरोबर आलं. आठवड्याभरात त्यानं मला मिक्सर आणून दिला. आणि मी काय करावं? "या वयात हे काय धंदे?" म्हणून कान धरावा की नाही? छे! मी शेजारणीला बोलावून मिक्सर दाखवला, वर तिच्यासमोर फिरवूनही दाखवला. आत काही नव्हतं, नुसताच फिरवला.

"ताई, शहाण्यासारखं खेळायचं," धाकटा मला समजावून सांगायचा. "एक मर्यादा पैशाची. ती मोबाइलमध्येच घालून ठेवली आहे. दुसरी वेळेची. प्लॅस्टर ओतलं की खेळायला बसायचं, गार झालं की उठायचं. प्लॅस्टर काही आपलं ऐकत नाही. त्याच्यासारखा शिस्तीचा मास्तर नाही."

मला इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू! माझा भाऊ जुगार खेळतो, पण प्लॅस्टर लावून खेळतो, असं मी चार ठिकाणी सांगत सुटले.

पहिले दोन महिने तसंच चाललं. मग मला आपलं वाटायला लागलं, की प्लॅस्टर पूर्वीपेक्षा आळशी झालंय. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला, पाऊण तासाचा एक. मी आत डोकावून विचारायची, "झालं का रे?" हा डाव्या हाताचा तळवा साच्यावर ठेवणार, उजव्या हातातल्या मोबाइलवरची नजर काढणार नाही, आणि म्हणणार, "अजून गरम आहे."

एकदा मी वाडग्यात डोकावले. आमटीसारखं पातळ कालवलेलं! अहो, पाणी जास्त घातलं की प्लॅस्टर उशिरा घट्ट होतं. हे त्यानंच मला शिकवलेलं आणि आता माझ्याच डोळ्यांत धूळ फेकत होता. मीही काही कमी नाही. त्याच्याकडूनच शिकलेली दुसरी गोष्ट म्हणजे मीठ. पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं की प्लॅस्टर झटपट आवळतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या प्लॅस्टर कालवायच्या पाण्याच्या बाटलीत चांगलं चमचाभर मीठ ढकललं. पाचव्या मिनिटाला आतून ओरड, "अरे, हे काय! वाडग्यातच दगड झाला!" आणि पाठोपाठ मोबाइल टेबलावर आदळल्याचा आवाज. मी काउंटरवर पदर तोंडाला लावून हसत होते. हसले, त्याचं आता वाईट वाटतं. सरळ आत जाऊन विचारायला हवं होतं. भावाला विचारायचं सोडून मी त्याच्या पाण्यात मीठ घालत बसले.

कारण तोवर इतरही गोष्टी दिसत होत्या, दिसत नव्हत्या असं मी म्हणणार नाही. शेंगदाण्याची बरणी महिनाभर भरलेलीच. फोन वाजला की दचकायचा. हरला का, विचारलं तर, "बरोबरीत आहे." रोज कसा रे माणूस बरोबरीत असतो? पैशाची मर्यादा त्यानं तीनदा वाढवली, हे मला नंतर कळलं. पण घरचा एक माणूस दात मागत होता म्हणून मी गप्प बसले. म्हटलं, ते काम होऊ दे, मग बोलू.

घरचा माणूस म्हणजे आमचे बाबा. बाबांनी चाळीस वर्षं पोस्टात नोकरी केली आणि तेवढीच वर्षं हौशी वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवली. उरलेसुरले दात मागच्या वर्षी काढले आणि क्लॅरिनेट पेटीत गेली. वरच्या दातांचा आधार नसेल तर ती तोंडात ठरत नाही. आठ महिने बाबा रोज पेटी उघडायचे, फडक्यानं पुसायचे आणि बंद करायचे. आता वाद्यवृंदाचा पन्नासावा कार्यक्रम शनिवारी दुपारी ठरला होता. त्यात सोळा ओळींचा एक तुकडा फक्त बाबांचा, एकट्याचा. सगळे जुने सोबती यायचे होते, त्यातले काही आता पुढच्या वर्षी येतील असं कुणी सांगू शकत नव्हतं. बाबा एवढंच म्हणाले, "धाकट्या, शनिवारपर्यंत होईल ना रे?"

"बाबा, तुमचे दात म्हणजे माझ्या हातचं सगळ्यात झकास काम असेल," धाकटा म्हणाला. आणि मनापासून म्हणाला, हेही सांगते.

मंगळवारी अकराला बाबांचं माप खाली आलं. मी स्वतः ओल्या फडक्यासकट त्याच्यापुढे ठेवलं. "हो हो, ओततो," म्हणाला. मी बँकेत गेले. तिथून येईपर्यंत एक वाजला. आत बघते तर साहेब नुकतेच प्लॅस्टर कालवत होते आणि फडकं पापडासारखं कडक झालं होतं.

"आत्ता ओततोयस?"

"अगं, मघाशी फडकं परत भिजवलं होतं."

मी फडक्याला हात लावला नाही. लावला असता तर? जाऊ दे. शुक्रवारी कवळी तयार झाली. आधी मेणावर दात बसवून पेशंटच्या तोंडात घालून बघतात, ती ट्रायल धाकट्यानं घेतलीच नाही. "घरच्या माणसाला कसली ट्रायल?" बाबांनी शुक्रवारी संध्याकाळी कवळी घातली, आरशात बघून हसले, आणि जरा आवळल्यासारखं वाटतंय म्हणाले. "नवीन बुटासारखं आहे बाबा, सैल होईल," धाकटा म्हणाला.

सैल झाली. शनिवारी दुपारी, सभागृहात, दीडशे माणसांसमोर. हिरडीवर नीट बसलेलीच नव्हती ती. बाबांचा तुकडा आला, बाबांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि फुंकर मारली. दाराचं बिजागर कुरकुरावं तसा एक आवाज आला आणि वरची कवळी सुटून थेट पुढच्या व्हायोलिनवाल्याच्या मांडीवर. त्या भल्या माणसानं एका हातानं ती मागे दिली आणि वाजवणं थांबवलं नाही. लोक हसले. मीही हसले असते, बाबा माझे नसते तर.

बाबांनी कवळी रुमालात गुंडाळून खिशात टाकली. शेजारच्यानं प्रसंग ओळखून त्यांच्या ओळी आपल्या बासरीवर घेतल्या. बाबा क्लॅरिनेट मांडीवर धरून बसले होते आणि त्यांची बोटं त्या सोळाच्या सोळा ओळी बटणांवर वाजवत होती. आवाज नाही, नुसती बोटं. मला ते बघवेना. शेजारी बघितलं तर धाकटा जागेवर नव्हता. बाहेर पायरीवर जाऊन बसला होता.

सोमवारी सकाळी मी लॅब उघडली आणि बाबांचा साचा शोधायला मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. जुने साचे आम्ही त्यात ठेवतो. वरचे दोन कप्पे ठीक होते, नावाच्या चिठ्ठ्यांसकट. खालचे दोन कप्पे पांढऱ्या गोळ्यांनी खच्चून भरलेले. एक हातात घेतला. ना हिरडी, ना दात, ना चिठ्ठी. नुसता गुळगुळीत गोळा, वाडग्याच्या आकाराचा. पुढे लहान होते, मागे मागे मोठे मोठे होत गेले होते. सगळ्यात मागचा तर चांगला कलिंगडाएवढा. मोजले. एक्केचाळीस भरले.

धाकटा दारात उभा होता.

"ही कुणाची मापं रे?"

त्यानं माझ्या हातातला गोळा काढून घेऊन परत जागेवर ठेवला. मग म्हणाला, "कुणाचीच नाहीत, ताई."

"म्हणजे?"

"काम नसलं की खेळायला बसता यायचं नाही. माझा नियम होता ना, प्लॅस्टर ओतल्याशिवाय खेळायचं नाही. म्हणून नुसतंच ओतायचो. मोठा गोळा केला की गार व्हायला जास्त वेळ लागतो." आणि खाली बसला. "मी एकदासुद्धा नियम मोडला नाही, ताई."

मेल्याला एक ठेवून द्यावी असं वाटलं आणि त्याच क्षणी जवळ घ्यावंसं वाटलं. शेवटी दोन्ही केलं. मग विचारलं, "मंगळवारी बाबांचं माप किती वेळ पडलं होतं?"

"दोन तास. त्याच्या आधीचा गोळा अजून गरम होता." ढसाढसा रडला हो, चाळिशीचा बाप्या. "मला सोडता येत नाहीये. मला वाटत होतं, मी खेळतोय. मी खेळत नव्हतो गं."

तिथल्या तिथे आम्ही ते खातं बंद करायला बसलो. काय सांगू, मर्यादा वाढवताना त्या मोबाइलनं हूं की चूं केलं नव्हतं. पण वर्षभर स्वतःला बंदी घालतो म्हटल्यावर विचारतो कसा, "नक्की का?" हो. "खरंच नक्की का?" हो म्हटलं ना! "तुमची आठवण येईल." मी म्हटलं, येऊ दे मुडद्याला. मग धाकट्यानं अशा लोकांसाठी असलेल्या मदतीच्या नंबरावर फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, तुम्ही खेळण्याबद्दल कुणापासून काही लपवलंत का? धाकट्यानं कपाटाकडे बघितलं आणि म्हणाला, "हो. दोन कप्पे." दर गुरुवारी त्यांच्याशी बोलायचं ठरलं. अजून बोलतो.

सगळ्यात अवघड होतं बाबांना सांगणं. मी बरोबर गेले, पण बोलला तोच, काही न लपवता. बाबा बोळक्या तोंडानं ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "माझं माप सुकत होतं तेव्हा जिंकलास तरी का?"

"नाही बाबा. हरलो."

"अरे गाढवा! निदान जिंकायचं तरी!" आणि जरा वेळानं, क्लॅरिनेटच्या पेटीकडे बघत, "परत माप द्यायला कधी येऊ?"

दुसऱ्याच दिवशी बाबा वर माप देऊन आले आणि ओलं फडकं स्वतःच हातात धरून जिना उतरले. धाकट्यानं तिथल्या तिथे प्लॅस्टर ओतलं. या खेपेला ट्रायल दोनदा घेतली. कवळी अशी बसली की बाबा दुसऱ्या दिवशी शेंगदाणे खाऊ लागले, धाकट्याच्या बरणीतले.

पण त्या अर्ध्या तासाचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच. मोबाइल माझ्या ड्रॉवरमध्ये असतो आणि धाकट्याचे हात टेबलावर उगाच चुळबुळतात. अजून चुळबुळतात, खोटं कशाला सांगू. म्हणून बाबांनी आपणहून ठरवलं. रोज अकराला पेटी घेऊन येतात, स्टुलावर बसतात आणि प्लॅस्टर ओतलं की क्लॅरिनेट वाजवायला घेतात. पुढ्यात फळीवर पंधरा-वीस कवळ्या तोंड वासून ऐकत असतात. पहिल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी वरून दोनदा पाय आपटला. आठ महिन्यांचा गंज होता, सूर त्या पहिल्या कवळीसारखाच निसटायचा.

परवा बाबांनी तो सोळा ओळींचा तुकडा काढला. पहिल्यांदाच सबंध. आठ ओळी झाल्या, दहा झाल्या. बाराव्या ओळीपाशी थांबून, दम खात त्यांनी विचारलं, "धाकट्या, झालं का रे तुझं? तुला कामाला लागायचं असेल."

धाकट्यानं साच्यावर तळवा ठेवला. "नाही बाबा, अजून गरम आहे. वाजवा तुम्ही."

बाबा पुढच्या ओळी वाजवायला लागले. मी हळूच जाऊन साच्याला हात लावून पाहिला. केव्हाच गार पडला होता.