पाहुणी यायची आहे

आमच्या गावाला सत्कार करायची भारी हौस. एसटीचा ड्रायव्हर निवृत्त झाला, सत्कार. कुणाचं पोरगं बारावी निघालं, सत्कार. या हौसेपायी एक दिवस टीबी बरा झाला म्हणून माझाही सत्कार झाला, तोही भर चावडीपुढं. तेव्हापासून मी जी अडकले ती अडकलेच.

भांडगावच्या आत, हायवेवरच्या ट्रकांचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर माझं सासर. लग्नाला वर्ष होत आलं आणि मला खोकला लागला. संध्याकाळी अंगात कसकस. मी तोंडात पदर कोंबून खोकायचे, कारण थोरल्या जावेचं काय झालं ते मला ठाऊक होतं. तीही अशीच खोकत होती. सासूबाईंनी तिला हवापालटासाठी म्हणून शिरूरकडं माहेरी पाठवलं. पिशवीत लुगड्यांवर तिचं ताट, वाटी, पेला ठेवून दिला होता. ताट दिलं म्हणजे काय ते तिलाही कळलं आणि गावालाही. ती परत आली नाही.

नवऱ्यानं मला दौंडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. टीबीच निघाला. परतताना तो एकच वाक्य बोलला, "आईला कळता कामा न्हाई."

गोळ्या फुकट होत्या. कुठल्याशा थंड देशाच्या पैशातून सगळा कार्यक्रम चालायचा. प्रत्येक आजाऱ्याचा वेगळा खोका, पण खोका घरी मिळत नसे. एक दिवसाआड अंगणवाडीच्या ताईसमोर गोळ्या गिळायच्या आणि तोंड उघडून दाखवायचं. त्या देशाचा आमच्यावर विश्वास नव्हता, आणि त्यात काही गैर नव्हतं. जरा बरं वाटलं की औषध बंद करणारी जात आमची. ताईनं घरी सांगून टाकलं की मी तिला खिचडी शिजवू लागते. गोळ्यांनी लघवी लालभडक व्हायची, म्हणून बायकांच्या घोळक्यात परसाकडं जायचं मी सोडलं. घरात चोरटेपणानं वावरायचे. चोरून आजारी होते आणि चोरूनच बरी झाले. शेवटची तपासणी स्वच्छ आली तेव्हा ताईच्या गळ्यात पडून रडले. मला वाटलं, सुटले.

मग ताई एक दिवस धावत आली. त्या देशाची पाहुणी गावात येणार होती. तिला बरी झालेली माणसं बघायची होती. आमच्याकडं बरे झालेले तिघंच. एक आबा लेकीकडं गेलेले, दुसरा पाहुणी येणार कळताच ट्रक घेऊन सोलापूरच्या वाटेला लागलेला. उरले मी.

"मी न्हाई येणार, ताई. तुम्हाला ठावं हाय सगळं."

"कुणीच न्हाई दिसलं तर म्हणतील, हिनं गोळ्या कुणाला दिल्याच न्हाईत. बाय, तुझं नाव घेणार न्हाईत. अंगणवाडीत नुसतं बसायचं."

तिनं माझ्यासाठी माझ्या घरी खोटं सांगितलेलं. नाही कशी म्हणणार?

तिचा शब्द तिच्या हातात राहिला नाही. पाहुणी येणार म्हटल्यावर गावाला अंगणवाडीची खोली पुरेना. चावडीपुढं मांडव पडला, माईक आला. गोऱ्या बाईला ओवाळायला महिला मंडळाच्या अध्यक्षा तबक घेऊन उभ्या. अध्यक्षा म्हणजे माझ्या सासूबाई. तालुक्याच्या साहेबांनी माईकवर माझं नाव घेतलं, क्षयरोगावर मात केलेल्या आपल्या भगिनी म्हणाले, आणि कुणीतरी कानाशी लागल्यावर खूश होऊन पुढं जोडलं, "यांचा सत्कार यांच्याच सासूबाईंच्या हस्ते व्हावा!"

टाळ्या पडल्या. ताईनं मला पुढं ढकललं. सासूबाईंचं तोंड पांढरं पडलं होतं, पण तबक हातात आणि गाव समोर. त्यांनी मला कुंकू लावलं. बोट कपाळाला लागेल न लागेल इतकंच. शाल दोन बोटांत धरून टाकली, नारळ दिला. गोऱ्या बाईनं आम्हा दोघींच्या खांद्यांवर हात ठेवला आणि फोटो निघाला. तिचं हसू अगदी मनापासूनचं होतं. मला तिचा राग राग आला.

घरी गेले तर ओसरीवर पिशवी भरून तयार. वर माझं ताट, वाटी, पेला. नवरा जनावरांना वैरण टाकत होता. त्यानं मान वर केली नाही.

"सकाळी निघायचं," सासूबाई म्हणाल्या.

"आत्या, मी बरी झालेय. सगळ्यांदेखत सांगितलं की."

"सगळ्यांदेखत सांगितलं म्हणूनच."

तेवढ्यात सरपंच आप्पा हसत अंगणात आले. "काकी, नशीब काढलं तुम्ही! बाईला तुम्ही लई आवडला. म्हंजी सासूनं सुनेला ओवाळलं, हे तिनं कुठं बघितलंच न्हाई म्हणं. पुढच्या खेपेला तुमच्या घरी चहाला येणार हाय. सुनेच्या हातचा."

आप्पा गेले. मग पिशवी आत गेली. ताट मात्र चुलीपाशी गेलं नाही, मोरीवरच्या कोनाड्यात गेलं.

फोटो सोप्यात लागला. आल्यागेल्याला त्या कौतुकानं दाखवायच्या. दर थंडीत नवे कप धुऊन ठेवायच्या, गोऱ्या माणसांना थंडीत फिरायला आवडत असणार म्हणून. बाई काही आली नाही. पुढं तो कार्यक्रमही दुसऱ्या कुठल्या पैशावर गेला म्हणे. पण सासूबाईंनी वाट बघायचं सोडलं नाही, आणि त्यांची वाट बघणं होतं तोवर माझं घर होतं. मी मनातल्या मनात रोज प्रार्थना करायचे की बाईनं येऊ नये. येऊन चहा पिऊन गेली, तर मग मला कशासाठी ठेवायचं?

पुढं एकदा दौंड स्टेशनवर थोरली जाऊ भेटली. अंगानं भरलेली, खोकला कधीच गेलेला. तिनंही त्याच गोळ्या गिळल्या होत्या, माहेरच्या गावात, कुणाला पत्ता न लागता. माझा हात धरून तिनं विचारलं, "तुला कशी गं ठेवली त्यांनी?"

"पाहुणी यायचीय," मी म्हणाले.

ती हसली नाही. तिची गाडी लागली आणि ती गेली.

त्या दिवशी घरी येऊन मी कोनाड्यातलं ताट काढलं, जेवले, घासलं आणि परत कोनाड्यात ठेवलं.