करोडगिरीच्या नाक्यावरची झडती

आम्ही बार्शीला राहायचो आणि आईचं माहेर लातूरला. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर मोगलाईत. त्यामुळे आजोळी जायचं म्हणजे आमच्यासाठी परदेशी जाणंच होतं. सरहद्दीच्या ठेसनावर छोटी गाडी थांबली की सगळ्यांनी बोचकी घेऊन खाली उतरायचं. तिथं करोडगिरीचा, म्हणजे निजाम सरकारच्या जकातीचा, नाका होता.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आईला नववा लागला होता आणि बाळंतपणाला न्यायला तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, आला होता. नाक्यावरच्या कारकुनानं ट्रंक उघडून पाहिली, वळकटीत हात घातला. मग आईच्या पोटाकडे बघत म्हणाला, "इनको अंदर भेजो." कुणी बाईनं आधी पोटाला कापडाचे तागे गुंडाळून नेले होते म्हणे.

मामा लालेलाल झाला. "माझी बहीण हाय ती! दिसत न्हाई का तुमाला?"

आई माझा हात धरून पडद्याआड गेली.

आत बाजेवर एक म्हातारी बसली होती. बायकांची झडती घ्यायचं काम तिचं. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. तिची दोन्ही बुबुळं दुधासारखी पांढरी झालेली. तिनं आधी माझ्या परकराची कड चिमटीत धरली. "जुना हाय. दोनदा उसवून वाढवलेला." खरंच तसा होता. आईचं बोचकं न सोडताच वरून बोटं फिरवत तिनं आतलं एकेक सांगितलं: लुगडं, बाळुत्याच्या चिंध्या, सुपारीचा डबा. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिले. पुढं मुलीकडे परदेशी जाताना विमानतळावर बायकांच्या रांगेत झडत्या दिल्या, यंत्रं अंगावरून फिरली, पण तसे हात पुन्हा भेटले नाहीत.

मग तिनं आईच्या पोटावर तळवा ठेवला आणि तो तसाच राहिला.

"बेटी, जरा इथं आडवी हो."

आई बाजेवर निजली. खालानं दोन्ही हातांनी पोट चाचपलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बाहेरून कारकून ओरडला, "क्या निकला?"

"बच्चा है, साहब. कपड़ा नहीं." मग आवाज खाली आणून तिनं आईला सांगितलं, "डोकं या कुशीला हाय, पाय त्या कुशीला. लेकरू आडवं हाय, बेटी. डोळे जायच्या आधी मी तीस वर्सं दाईच होते. हे दाईच्यानं व्हायचं न्हाई. मागं फिर. बार्शीच्या डॉक्टरीणबाईकडं जा."

मामाला हे पटलं नाही. "अक्का, घर आता जवळ आलंय. आंधळ्या बाईचं काय ऐकती?"

आईचं आधीचं मूल जन्मतानाच गेलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तिच्या हाताखाली ते हाललं रे. मला कळलं." आणि आम्ही परतीच्या गाडीची वाट बघत बसलो. कारकुनानं न मागता आईसाठी आपली खुर्ची बाहेर आणून दिली.

चौथ्या दिवशी कळा सुरू झाल्या. आईनं मूल आडवं असल्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं आणि विचारलं, "मूल आडवं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नाक्यावरच्या खालानं," आई म्हणाली.

बाईंनी वडलांकडे पाहिलं. "लातूरला गेला असतात तर दोघंही हाताला लागली नसती." त्या दिवशी त्यांनी पोट उघडून माझ्या भावाला बाहेर काढलं. आई महिनाभर अंथरुणाला खिळून होती.

तो तीन महिन्यांचा झाल्यावर आम्ही पुन्हा निघालो. पडद्याआड आईनं बाळाला खालाच्या मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता ती त्याला छातीशी धरील. पण तिनं आधी दुपटं उलगडलं, कडा चाचपल्या, कुंचीच्या अस्तरात बोट घालून पाहिलं. काम पुरं झाल्यावरच तिचा हात त्याच्या टाळूवर गेला. त्यानं तिचं बोट धरलं.

"ह्यो बोट सोडंना," खाला म्हणाली. बाहेर गाडीची शिट्टी झाली, तरी आई उठली नाही.