भामरे काकांचा कोरडा ब्रश

दर रविवारी आम्ही चौघं वेडे इंदिरानगरला भामरे काकांच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो आणि प्लास्टिकचे छोटे रणगाडे, ट्रक, ट्रॅक्टर जोडून रंगवतो. मॉडेलं वर्षाला दोन पूर्ण होतात, किस्से मात्र दर रविवारी! घरी सांगायला गेलो की बायको म्हणते, "आधी एक तरी पूर्ण मॉडेल दाखवा, मग किस्सा ऐकते." म्हणून तुम्हाला सांगतोय.

*

काका अंबडच्या एका कारखान्यात पेंट शॉपला होते. अख्खी नोकरी ओरखडे पकडण्यात गेली. रिटायर झाल्यावर पहिला रणगाडा रंगवला तो इतका चकाचक, की आमच्यातल्या मेधाताई, पेशाने डेंटिस्ट, म्हणाल्या, "काका, शोरूममधून काढलात का?"

काका खूश! त्यांना ती तारीफ वाटली. मग मी त्यांना ड्रायब्रशिंग समजावलं. ब्रशवर फिका रंग घ्यायचा, जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि तो कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. कडा तेवढ्या रंग पकडतात आणि वस्तू वापरलेली दिसते.

काका हादरले. "म्हणजे जे बघून मी लोकांचा माल परत पाठवला, ते आता मुद्दाम करू?"

महिन्याभरात हा माणूस माझाच गुरू झाला. खरं तर मला राग यायला हवा होता, पण काम बघून मीच माझा अर्धवट ट्रक त्यांच्यापुढे ठेवला.

*

माझी खोड म्हणजे घाई. एकदा ब्रश नीट न पुसताच फिरवला आणि ट्रक पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढराफटक! काका ओरडले नाहीत. शेजारचा पेपर ओढला आणि ब्रश पुसत बसले. शेवटी कागदावर काही उमटेना, तरी यांचं पुसणं चालूच.

"काका, संपला की रंग!"

"संपला असं वाटलं की अजून दोनदा पुसायचा. मग सुरुवात."

आणि खरंच, त्या संपलेल्या ब्रशनं बॉनेटचा एकेक स्क्रू उठून दिसायला लागला. तेवढ्यात काकू चहा घेऊन वर आल्या.

"अहो, आजचा पेपर तो! माझ्या शब्दकोड्यावरून ट्रक नेलात!"

*

मेधाताईंनी एकदा महागातला, टोकदार ब्रश आणला. काका म्हणाले, "हा देवघरात ठेवा." त्यांना हवा होता मऊ आणि गुबगुबीत. तो त्यांना काकूंच्या पावडरच्या डब्यात सापडला! वापरून, स्वच्छ धुवून परत ठेवला, असं काकांचं म्हणणं.

काकू सिन्नरला भाचीच्या लग्नात पोचल्या तेव्हा दोन्ही गालांवर चंदेरी चमक. बायका एकीमागून एक विचारायला लागल्या, "पार्लर कुठलं हो?"

काकूंना तोवर सगळा प्रकार कळला होता. पण बाई डगमगली नाही.

"अंबडचं. पेंट शॉप!"

*

गंज कसा चढतो ते बघायला काका भिंग घेऊन रस्त्यावरचे ट्रक न्याहाळतात. एकदा एका ट्रकच्या चाकापाशी उकिडवे बसलेले बघून ड्रायव्हर उतरला. "काय शोधून ऱ्हायला बाबा?"

"गंज."

"न्या की मग! फुकट हे, लय हे!"

*

चौथा किशोर, निफाडचा द्राक्षबागायतदार. आई गेल्यापासून त्याच्या वडिलांनी, नानांनी, बोलणंच टाकलं होतं. जेवलात का? हं. झोपता का? हं. संपलं. किशोर पार खचला होता.

शेवटी त्यानं ठरवलं, नानांचा पहिला ट्रॅक्टर बनवायचा. किशोर रांगत होता तेव्हाच तो विकलेला. दसऱ्याच्या पूजेचा एक फोटो तेवढा उरला होता. "काका, माझ्याच्यानं नाय व्हायचं. तुम्ही रंगवा. बघून एक शब्द जरी बोलले ना..."

काकांनी तीन रविवार घेतले. काय काम होतं महाराजा! पण डाव्या मडगार्डवरचा लाल रंग पार उडालेला, खालचा पत्रा दिसतोय.

किशोर वैतागला. "काका, इथं जास्त घासलं गेलं. उजवा बघा, कसा कोरा हे. एवढं नीट करून द्या ना."

काकांनी भिंग आणि फोटो त्याच्या हातात दिला. "फोटोत आहे तसंच आहे. का आहे, मला माहीत नाही. पण मी ते बुजवणार नाही."

पुढच्या रविवारी आम्ही सगळेच निफाडला गेलो. नाना ओट्यावर बसले होते. किशोरनं ट्रॅक्टर त्यांच्या मांडीवर ठेवला. किशोर खालीच बघत होता.

नानांनी डाव्या मडगार्डवरून अंगठा फिरवला. मग परत एकदा.

"हितं तुझी आई बसायची," ते म्हणाले. "लय हादरे बसायचे. उतर म्हणलं तरी उतरायची नाय."