पोत्याची गाठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढं बसले तरी ही एक गोष्ट वगळून पुढं गेले. तुम्हाला सांगते — तुम्ही माझ्या ओळखीचे नाहीत म्हणून असेल.

नातवंडं म्हणतात, आजी लई खोडकर. पत्ते लपवते, चहात मीठ टाकते. आजीची खरी खोडी त्यांना कुठं माहीत आहे?

नवं शतक लागून सात-आठ वर्षं झाली होती. वसमतजवळचं गाव, घरात हळदीचा व्यापार. मी चाळिशीची. तेव्हाची मी कशी होते? पदर खोचलेला, नाक वर, आणि आपल्यावाचून या घराचं पान हलत नाही अशी खात्री. आज ती बाई समोर आली तर हसू येईल — पण थांबा, हे हसण्यासारखं नाही.

माझ्या सासूच्या, आत्याबाईंच्या, घोट्याच्या वर जखम होती. शिरांत रक्त साचून झालेली, वर्षभर न भरलेली. नांदेडच्या डॉक्टरांनी जखमेत स्पंज बसवला, वर पारदर्शक चिकटपट्टी, त्यातून निघालेली नळी, आणि नळीच्या टोकाला घाण पाणी ओढून घेणारं मशीन. ते दिवसभर खाटेशी गुरगुरायचं. शिवाय बोटांपासून गुडघ्यापर्यंत दाबाची पट्टी. मशीननं जखम साफ व्हायची, पट्टीनं सूज उतरायची. हे सगळं करायला वसमतहून दोन-तीन दिवसांनी शकिला यायची — पन्नाशीची, दवाखान्यात मुरलेली नर्स. मला ती बजावायची, "पट्टी घट्ट असू द्या भाभी, पण नळी कातडीवर दबली न्हाई पायजे. नळीखाली कापूस, न्हाई तर नवी जखम." मला समजलं होतं. हे ध्यानात ठेवा — मला सगळं समजलं होतं.

जखम भरू लागली. आत्याबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "हात असावा तर शकिलाचा. आमच्या सुनेचा हात म्हंजी फावड्याचा दांडा." बायका हसायच्या. मीही हसायचे. त्यांची अंघोळ, हागमूत, सगळं मी करत होते — आणि हात शकिलाचा. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर सांगताना बरं वाटलं असतं. नाही.

एका दुपारी शकिला पट्टी बांधून गेली. आत्याबाई गोळी घेऊन गाढ झोपल्या. मी पट्टी सोडली. नळीखालचा कापूस काढला, नळी सरळ नडगीवर ठेवली आणि वरून पट्टी ओढली. ओढली म्हणजे — दात आवळून ओढली. काय हवं होतं मला? आत्याबाईंनी एकदा म्हणावं, शकिलाचा हात जड आहे. एकदाच.

दिवस मावळायच्या आत त्या कण्हू लागल्या. "काहून एवढं ठणकून राहिलं गं?"

"तुमच्या शकिलानंच बांधलंय, आत्याबाई. तिच्या कामाला मी कसा हात लावू? माझा तर फावड्याचा दांडा."

दोन दिवस हेच उत्तर दिलं. पायाची बोटं निळी पडली, त्यांवर मी चादर ओढली. आणि त्या कण्हण्याची मला — आता सांगूनच टाकते — गोडी लागली होती. भाकरी थापता थापता मी कान देऊन ऐकायचे.

तिसऱ्या दिवशी शकिला आली आणि पाय बघून थबकली. ती पट्टीच्या शेवटाला चिकटपट्टी लावायची. इथं गाठ होती. हळदीच्या पोत्याचं तोंड बांधतात ती — दुहेरी, टोक आत खोवलेली. हाताच्या सवयीनं मारली होती मी. बघा त्या शहाण्या बाईची अक्कल — चोरी केली आणि नाव कोरून आली.

पट्टी उलगडली. नडगीवर नळीएवढा काळा चर, खोल.

"ही गाठ माझी न्हाई," शकिला म्हणाली.

"मग कुणाची?" दारातून आमचे हे.

शकिलानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "चुकलं की सगळे असंच म्हणतात."

ह्यांनी तिला पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. दुसरी नर्स मिळेपर्यंत बांधायचं काम माझ्याकडं आलं, आणि दुसरी कधी मिळालीच नाही. शकिलानं आधी पाय धुतला, नीट बांधला, मग पिशवी उचलली. गावात आणखी दोन घरी ती जायची. तीही तुटली. गावाला कारण मीच पुरवलं होतं.

आत्याबाई त्या वेळी एक शब्द बोलल्या नाहीत. का बोलल्या नाहीत? पोत्याची ती गाठ मला शिकवली कुणी होती — त्यांनीच, लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात. पण शकिला परत जाणार होती, आणि त्यांना माझ्याच हातात राहायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी पाय पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "बांध बाई. तुझी गाठ पक्की असती." पुढं मशीन गेलं, मूळची जखम भरली. नळीची भरली नाही. ती घेऊनच त्या चार वर्षांनी गेल्या.

त्या असतानाच एकदा शकिला मला वसमतच्या स्टँडवर भेटली. ओळख टाळली नाही तिनं. जवळ येऊन विचारलं, "आजीचा पाय कसाय, भाभी?"

सकाळीच मी तो चर पुसून, पट्टी बांधून निघाले होते. हाताला अजून औषधाचा वास होता.

"बरा झाला कधीचाच," मी म्हणाले, आणि बसमध्ये चढून खिडकीची जागा धरली.