दुर्बिणीची वाटणी

जाड चष्म्यामुळे सगळे त्याला दुर्बीण म्हणत. मी मनातल्या मनात जे म्हणायचो, ते इथे लिहिता येणार नाही.

रस्त्याच्या दोन बाजूंना दोन मोठ्या रंगकंपन्या होत्या. इकडे रंगाची शेड जुळवायला मी, तिकडे तो. बावीस वर्षं असं सुखात चाललं होतं. मग दोन्ही कंपन्या एक झाल्या. कच्चा माल एकदम घेतला की स्वस्त पडतो, दोन-दोन गोदामं लागत नाहीत आणि भाव पाडायला समोर कुणी उरत नाही, असं साहेबांनी सभेत सांगितलं. मुख्य शेड जुळवणारेही दोन-दोन लागत नाहीत, हे मला त्याचं टेबल माझ्या खोलीत आलं तेव्हा कळलं. खिडकीजवळची खुर्ची एकच होती. ती मला हवी होती आणि मिळाली त्याला.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. तो कार्डावर रंगाचा पट्टा ओढायचा, वाळेपर्यंत निवांत डबा खायचा, मग कार्ड उजेडात धरून म्हणायचा, "काळ्याचे तीन थेंब." मी तासभर घाम गाळून त्याच तीन थेंबांवर यायचो. आमच्या हिनेसुद्धा स्वयंपाकघराचा रंग त्याला विचारून ठरवला. माझ्या पोटात असं दुखलं की मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला लागलो.

शेवटी मी हलकटपणा केला. शेड जुळवायची ती मूळ नमुन्याच्या कार्डाशी, आठवणीशी नाही. ही कार्डं जुनी झाली की पिवळी पडतात, म्हणून मागे तारीख घालून दर सहा महिन्यांनी बदलतात. एका शाळेसाठी पांढरा रंग करायचा होता, तेव्हा मी त्याच्या खणात माझ्याकडचं चार वर्षांपूर्वीचं कार्ड सरकवलं. सगळा माल पिवळट निघाला आणि परत आला. चौकशी बसली. तो एवढंच म्हणाला, "कार्डाची मागची बाजू बघायला हवी होती. चूक माझी."

दीड वर्षात कंपन्यांचंही फाटलं. इकडचे तिकडच्यांना अडाणी म्हणत, तिकडचे इकडच्यांना आळशी. वाचलेला खर्च भांडणात गेला. त्यात शेअरवाल्यांनी सांगितलं, वेगळ्या झालात तर दोघींना मिळून जास्त भाव येईल. टाक्या, ट्रक, गोदामं दोन दिवसांत वाटून झाली. दुर्बिणीवरून मात्र तीन आठवडे ताणाताणी चालली.

मला राहवेना. "साहेब, तो पांढरा रंग त्यानेच घालवला ना?"

"अहो, तसलंच जुनं, पिवळं दुसरं कार्ड लावून पाहिलं, त्याच्याशी केसभर फरक नव्हता! असा माणूस कुणी सोडतं का?"

आमच्या कंपनीने त्याला ठेवून घेतलं. बदल्यात समोरच्यांना दोन मिक्सर दिले. तेवढ्याने भागेना, म्हणून वर मलाही दिलं.

मी निघताना तो फाटकापर्यंत आला आणि त्याने माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. आत ते कार्ड होतं. मागे तारीख, माझ्याच अक्षरात.

"तुमच्याकडेच असू द्या," तो म्हणाला. "चौकशीवाले मागत होते. सापडत नाही म्हटलं."

मला त्याचा तेव्हाही रागच आला. मी रस्ता ओलांडला. नव्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची माझ्यासाठी पुसून ठेवली होती. तिच्यावर तो बावीस वर्षं बसला होता.